कुटुंबासाठी गाडी निवडताना: आधी वापराची वही, मग इंजिन

कुटुंबासाठी गाडी घ्यायची ठरली की घरातली चर्चा बहुधा रंगाभोवती, स्क्रीनच्या आकाराभोवती आणि ओळखीतल्या कोणाची कोणती गाडी 'कधीच त्रास देत नाही' याभोवती फिरते. बॉनेटखाली कोणते इंजिन आहे, त्याला कशाची सवय लागते आणि ते सगळे आपल्याकडून वेळेवर होईल का, हा प्रश्न मात्र दोन-तीन वर्षे उलटल्यावर, तेही गॅरेजच्या बाकावर बसून विचारला जातो. गेल्या वीसएक वर्षांत इंजिने लहान झाली, ताकदवान झाली आणि इंधनही कमी पिऊ लागली; त्याच वेळी मालकाच्या चुका पोटात घालण्याची त्यांची तयारी कमी झाली. म्हणून इथे सुचवलेला क्रम नेहमीच्या उलट आहे. आधी आपला वापर पाहावा, मग त्या वापराला मानवणारे इंजिन, मग त्या इंजिनाची देखभाल, आणि कंपनी व रंग सर्वांत शेवटी.

पायरी पहिली: पंधरा दिवस वही ठेवा

गाडी अजून घेतलेली नसली तरी घरातल्या माणसांचे येणे-जाणे चालूच असते. पंधरा दिवस प्रत्येक फेरीची नोंद करा: किती किलोमीटर, किती माणसे, किती सामान, आणि दोन फेऱ्यांमध्ये किती तासांचे अंतर. महिन्याचे एकूण किलोमीटर बहुतेकांना अंदाजाने सांगता येतात, पण इंजिनाच्या दृष्टीने त्या बेरजेपेक्षा एका फेरीची लांबी जास्त महत्त्वाची असते. महिन्याला सहाशे किलोमीटर धावणारी एक गाडी वीस-वीस किलोमीटरच्या तीस फेऱ्या करते आणि दुसरी तीन-तीन किलोमीटरच्या दोनशे. दोघींचे रनिंग कागदावर सारखेच, पण दुसरीचे इंजिन नीट तापतच नाही.

थंड इंजिनात टाकलेल्या इंधनातले थोडे न जळता सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरते, आणि ज्वलनातून तयार होणाऱ्या वाफेचे पाणीही त्यातच मिसळते. इंजिन पुरेसा वेळ गरम राहिले तर हे दोन्ही उडून जाते. मात्र तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे काम झाले असे समजू नये, कारण तो काटा कूलंटचे तापमान दाखवतो आणि ऑइलला तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

हे मला पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या गाडीतून कळले. माझ्या रोजच्या फेऱ्या जेमतेम तीन किलोमीटरच्या होत्या, आणि डिपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या कांडीवरची) पातळी उतरत नाही, उलट किंचित चढते आहे, हे पाहून मी खूश होतो. मेकॅनिकने कांडी पुसून पुन्हा बुडवली, वर काढली आणि माझ्या नाकासमोर धरली. "वास घ्या साहेब. ऑइल कधी आपोआप वाढतं का?" कांडीला पेट्रोलचा स्पष्ट वास येत होता. ऑइल बदलण्याची मुदत अजून पाच महिने लांब होती, तरी ते त्याच दिवशी बदलले.

पायरी दुसरी: माणसे आणि सामान प्रत्यक्ष बसवून पाहा

या पायरीला तर्काची गरज नाही, टेपची आहे. शोरूमला जाताना लहान मुलाची सीट, घरातली सर्वांत उंच व्यक्ती आणि गुडघे दुखणारी ज्येष्ठ व्यक्ती यांना सोबत न्या. उंच व्यक्तीला चालकाच्या जागी बसवून सीट तिच्या सोयीने मागे सरकवा, आणि मग तिच्याच मागे मुलाची सीट बसते का ते पाहा. जाहिरातीतली ऐसपैस जागा बहुतेक वेळा इथेच आखडते. मुलाच्या सीटसाठी आयसोफिक्सच्या कड्या कोणत्या जागांवर आहेत ते हात घालून तपासा, कारण मागच्या मधल्या जागेवर त्या अनेक गाड्यांत नसतात. डिक्कीचा आकार लिटरमध्ये छापलेला असतो, पण जड बॅग उचलून आत टाकताना कमरेला जाणवतो तो डिक्कीच्या ओठाचा उंचपणा, आणि तो आकडा कोणी छापत नाही. सात आसनांच्या गाडीचा मोह पडला तर तिसरी रांग उघडी ठेवून मागे किती जागा उरते ते पाहावे. सात माणसे आणि सात माणसांचे सामान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुरक्षिततेसाठी एवढेच लक्षात ठेवावे, की क्रॅश टेस्टचे तारे त्या चाचणीच्या वर्षाच्या नियमांनुसार आणि त्या ठरावीक व्हेरिएंटला मिळालेले असतात. आठ वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे एका मापाचे नाहीत. एअरबॅगची संख्या सगळे विचारतात. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल आहे का, हेही विचारा. घसरणारी गाडी वेगवेगळ्या चाकांना वेगवेगळा ब्रेक लावून रेषेत आणणारी ही यंत्रणा अपघात घडण्याआधीच कामाला येते.

पायरी तिसरी: इंजिनाचा स्वभाव ओळखा

आता वही उघडी ठेवूनच पुढे जायचे आहे. विक्रेता इंजिनाची ताकद सांगेल, तुम्ही मात्र चार प्रश्न विचारा: इंधन कुठे फवारले जाते, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) आहे का, टायमिंग (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारी यंत्रणा) बेल्टवर आहे की चेनवर, आणि धूर साफ करण्यासाठी मागे काय बसवले आहे.

जुन्या पद्धतीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या (सिलिंडरमध्ये हवा सोडणाऱ्या झडपेच्या) अलीकडे, साधारण तीन-चार बार दाबाने फवारले जाते. जाता जाता ते व्हॉल्व्हची मागची बाजू धुऊन काढते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये तेच पेट्रोल दोनशे ते साडेतीनशे बार दाबाने थेट सिलिंडरमध्ये जाते. त्यामुळे ज्वलनावर नेमके नियंत्रण मिळते, ताकद वाढते आणि इंधन वाचते, पण व्हॉल्व्हची आपोआप होणारी धुलाई थांबते. इंजिनातून येणारी ऑइलची वाफ त्या गरम व्हॉल्व्हवर बसत जाते आणि तिथे काजळीचा कडक थर धरतो. काही वर्षांनी पिकअप मंदावतो, थंड इंजिन आयडलिंगला थरथरते, आणि मग व्हॉल्व्ह साफ करण्याचे काम निघते. पेट्रोलच्या टाकीत ओतायची औषधे या थरापर्यंत पोहोचतच नाहीत, कारण पेट्रोलच तिथून जात नाही. ती इंजेक्टरला उपयोगी पडतील, व्हॉल्व्हला नाही. काही उत्पादक दोन्ही प्रकारचे इंजेक्टर बसवतात. ती रचना महाग असली तरी या दुखण्यावरचा सरळ उपाय आहे.

टर्बोचे पाते मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांच्या वेगाने फिरते आणि त्याच्या बेअरिंगला आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचा. म्हणून टर्बो इंजिनात ऑइल हे निव्वळ वंगण राहत नाही, तो एक सुटा भागच मानावा लागतो. चुकीच्या दर्जाचे किंवा जुने ऑइल बेअरिंगच्या उष्णतेने करपते आणि बारीक नळ्या बुजवते. चढ चढून किंवा वेगात आल्यावर इंजिन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट चालू ठेवावे, ही जुनी सवय आजही वाया जात नाही. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांना आणखी एक धोका असतो: कमी आरपीएमला (इंजिन मंद फिरत असताना), वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर जोरात दाबला तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू शकते आणि तो फटका पिस्टनला बसतो. एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेने २०२० साली आणलेल्या एसपी दर्जाच्या ऑइलमध्ये हा प्रकार रोखण्याची चाचणी समाविष्ट आहे, आणि टायमिंग चेनच्या झिजेचीही. डब्यावरची ही दोन अक्षरे वाचायला शिकणे कोणत्याही महागड्या ॲक्सेसरीपेक्षा मोलाचे ठरते.

टायमिंगचा प्रश्न विचारल्यावर 'चेन आहे, कधीच बदलावी लागत नाही' असे उत्तर आले तर त्यातला दुसरा अर्धा भाग सोडून द्या. चेन ताणली जाते, तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, आणि ऑइल बदलण्यात टाळाटाळ झाली की सर्वांत आधी तीच कुरकुरते. रबरी बेल्ट बदलण्याची मुदत मात्र ठरलेली असते; इंजिनानुसार ती बहुधा साठ हजारांपासून दीड लाख किलोमीटरपर्यंत असते, आणि त्यासोबत वर्षांचीही मर्यादा असते. बहुतेक आधुनिक इंजिनांत बेल्ट तुटला की वर आलेला पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि काम थेट हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडण्यावर जाते. यातलाच तिसरा प्रकार म्हणजे ऑइलमध्ये भिजत फिरणारा रबरी बेल्ट. घर्षण कमी करण्यासाठी तो आणला गेला, पण चुकीचे ऑइल किंवा ऑइलमध्ये मिसळलेले पेट्रोल त्याचे रबर फुगवते, सुटलेला चुरा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि इंजिनाला ऑइल मिळेनासे होते. ज्यांची वही छोट्या फेऱ्यांनी भरली आहे त्यांनी अशा इंजिनापासून चार हात दूर राहणे बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिझेलची गोष्ट धुराड्यापासून सुरू होते. आधुनिक डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, आणि साचलेली काजळी जाळण्यासाठी त्याला साडेपाचशे ते सहाशे अंश सेल्सिअस तापमान लागते. ते सलग, थोड्या वेगाच्या प्रवासातच नीट साधते. रोज तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत ही प्रक्रिया सुरू होते, अर्धवट थांबते, पुन्हा सुरू होते. त्या प्रत्येक प्रयत्नासाठी जादा डिझेल फवारले जाते आणि त्यातले काही शेवटी ऑइलमध्ये उतरते. काजळी जळते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची साचते, म्हणूनच अशा गाड्यांना कमी राखेचे ऑइल सांगितलेले असते. आठवड्यातून अनेकदा लांबचा प्रवास असेल तर डिझेलसारखे सोशिक इंजिन नाही. तसा प्रवास नसेल, तर इंधनावर वाचलेले पैसे फिल्टरवर जातात.

हायब्रीडविषयी, म्हणजे इंजिनासोबत विजेची मोटरही असलेल्या गाडीविषयी, नवख्यांच्या मनात उगाच धास्ती असते. दोन यंत्रे म्हणजे दुप्पट दुखणी, असा सरळ हिशेब मांडला जातो. प्रत्यक्षात १९९७ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या टोयोटा प्रियसपासून चालत आलेल्या रचनेत नेहमीचा क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. प्लॅनेटरी गिअरचा एक संच आणि दोन मोटरी एवढ्यावर भागते. ब्रेकचे बरेचसे काम मोटर करत असल्याने ब्रेक पॅडही जास्त टिकतात. सगळ्या हायब्रीड मात्र अशाच नसतात, त्यामुळे आपल्या गाडीत कोणती रचना आहे ते विचारावे. बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी अनेकदा मागच्या सीटजवळ असते. ती धुळीने आणि केसांनी बुजली की बॅटरी तापते. ती साफ करायला दहा मिनिटे लागतात, पण बऱ्याच मालकांना ती असते हेच माहीत नसते.

थोडक्यात निवाडा हवा असेल तर असा: वही छोट्या फेऱ्यांची असेल आणि वर्षाचे रनिंगही कमी असेल, तर टर्बो नसलेले, व्हॉल्व्हच्या अलीकडे पेट्रोल फवारणारे साधे इंजिन किंवा प्रियससारख्या रचनेचे हायब्रीड घ्यावे. लांबचे आणि भरल्या गाडीचे प्रवास जास्त असतील तर टर्बो पेट्रोल किंवा डिझेल घ्यावे, पण ऑइलच्या बाबतीत काटेकोर राहण्याची मनापासून तयारी असेल तरच.

पायरी चौथी: गिअरबॉक्स

हाताने गिअर टाकायच्या गाडीत क्लच झिजतो आणि तो बदलता येतो. तिथे आश्चर्याला जागा नसते. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी फ्लुइडमधून ताकद पोहोचवणारा भाग) असलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जुना, जड आणि भरवशाचा. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्टा-पुलीचा ऑटोमॅटिक) सुळसुळीत चालतो, पण त्याचा पट्टा आणि पुली त्याच्या खास फ्लुइडवरच जगतात. कोरड्या क्लचचा ड्युअल क्लच (दोन क्लच आळीपाळीने वापरणारा) गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर झकास, पण मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या वाहतुकीत त्याचे क्लच तापतात. तुमच्या वहीत अशी वाहतूक रोजची असेल तर त्यावर फुली मारा.

'गिअरबॉक्सचे ऑइल आयुष्यभराचे आहे' हे वाक्य ऐकलेत तर कोणाच्या आयुष्याचे, असे विचारायला हरकत नाही. अनेक कंपन्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते ऑइल बदलण्याची शिफारस करते.

पायरी पाचवी: पैसे भरण्याआधी पुस्तिका वाचा

गाडीसोबत येणारी मालकासाठीची पुस्तिका बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. तिच्यातले देखभालीचे वेळापत्रक उघडा आणि 'कठीण वापर' असे शीर्षक असलेला रकाना शोधा. छोट्या फेऱ्या, धूळ, कडक उन्हाळा, तासन्‌तास आयडलिंग, सतत थांबत-थांबत चालणारी वाहतूक, जड ओझे, हे सगळे त्याखाली येते. वाचता वाचता लक्षात येते की कंपनीने ज्याला अपवाद म्हटले आहे, तोच आपला नेहमीचा दिवस आहे. अशा वापरात ऑइल बदलण्याची मुदत बहुधा निम्म्यावर येते, आणि 'किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते' या वाक्यातला महिन्यांचा भाग कमी फिरणाऱ्या गाडीला जास्त लागू होतो.

मग एका कागदावर आठ वर्षे आडवी मांडा आणि प्रत्येक वर्षाखाली पुस्तिकेप्रमाणे येणारी कामे लिहा: ऑइल आणि फिल्टर, स्पार्क प्लग, कूलंट, ब्रेक फ्लुइड, टायमिंग बेल्ट असल्यास तो, गिअरबॉक्सचे ऑइल, टायर, बॅटरी. त्यांचे दर एकाच ठिकाणी न विचारता अधिकृत सर्व्हिस सेंटरला आणि बाहेरच्या एका चांगल्या गॅरेजला, असे दोन्हीकडे विचारा. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक या कागदावर अनेकदा उलटा होतो. स्पार्क प्लगचेच पाहा: साधे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलावे लागतात, इरिडियमचे लाखाच्या आसपास जातात, पण काही इंजिनांत प्लगपर्यंत पोहोचायला वरचा इनटेक मॅनिफोल्ड काढावा लागतो, आणि मग मजुरी प्लगच्या किमतीला मागे टाकते.

पायरी सहावी: वापरलेली गाडी घेणार असाल तर थंड इंजिनावर जा

एकदा सकाळी आठला ठरलेल्या वेळी मी एक गाडी पाहायला गेलो. सवयीने बॉनेटवर हात ठेवला तर ते कोमट लागले. "आत्ताच जरा पुढे काढून ठेवली," असे मालक म्हणाले, आणि तसे असूही शकते. मी गाडीची स्तुती केली आणि दुसऱ्या दिवशी तासभर आधी पोहोचलो. थंड इंजिनाला चावी मारताच पहिले तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला आणि मग सगळे शांत झाले. तो सैल झालेल्या टायमिंग चेनचा आवाज होता. गरम इंजिनावर तो ऐकू आला नसता.

म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना पाहायचे, हे आधीच सांगून ठेवावे. ऑइल भरण्याचे झाकण उघडून आतली बाजू पाहा. काळा घट्ट गाळ असेल तर ऑइल वेळेवर बदललेले नाही, पांढुरकी साय असेल तर बहुधा छोट्या फेऱ्या झाल्या आहेत, आणि क्वचित हेड गॅस्केट (हेडखालचे सील) गेलेले असू शकते. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन गरम असताना कधीही उघडू नका. आतले दाबाखालचे कूलंट अंगावर उसळते. दहा मिनिटे आयडलिंगला ठेवून ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळसर धूर आला तर ऑइल जळते आहे.

मग ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातले दोष वाचण्याच्या जोडणीला) छोटा स्कॅनर लावा. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीचे झालेले हे सॉकेट स्टिअरिंगच्या खाली कुठेतरी सापडते. दोष दाखवणारे कोड नाहीत एवढ्यावर समाधान मानू नका. 'रेडिनेस' नावाचा भाग उघडा; गाडी स्वतःच्या यंत्रणांच्या ज्या चाचण्या घेते त्यांची स्थिती तिथे दिसते. तिथल्या बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसत असतील तर कोड नुकतेच पुसले गेले आहेत किंवा बॅटरी नुकतीच काढली होती असा त्याचा अर्थ होतो, आणि त्याचे कारण विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. टायरच्या कडेवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. कमी किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीला दुसऱ्यांदा बदललेले टायर असतील तर मीटरविषयी शंका घ्यावी. सर्व्हिसिंगच्या पावत्या नसतील तर टायमिंग बेल्ट बदललेला नाही असेच धरून किंमत करावी.

पायरी सातवी: घरी आणल्यावर

महिन्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबून डिपस्टिक पाहा. काही उत्पादक हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल जळणेही सामान्य मानतात. अशा गाडीचा मालक फक्त सर्व्हिसिंगच्या वेळी बॉनेट उघडणारा असेल, तर दहा हजार किलोमीटरच्या मुदतीच्या बऱ्याच आधी ऑइल खालच्या खुणेखाली गेलेले असते. काही नव्या गाड्यांत कांडीच नसते, स्क्रीनवर पातळी दिसते; ती कुठे दिसते ते गाडी ताब्यात घेतानाच शिकून घ्यावे. ऑइलचा लाल दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो. तो चालताना पेटला तर गॅरेजपर्यंत जायचे नाही, तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचे.

कूलंटच्या रंगावर जाऊ नका. हिरवे, गुलाबी, निळे हे रंग कंपनीनुसार बदलतात. पुस्तिकेतला प्रकार पाहूनच भरा आणि निव्वळ नळाचे पाणी घालण्याची सवय सोडा, कारण त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषून घेते, हे फारसे कोणी मनावर घेत नाही. डॉट ४ प्रकारच्या ताज्या फ्लुइडचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावर प्रमाणात मान्य असलेली किमान मर्यादा १५५ अंश आहे. लांब उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये त्या फ्लुइडची वाफ झाली तर पेडल थेट तळाला जाते. दर दोन वर्षांनी ते बदलावे, गाडी कितीही कमी फिरलेली असो.

छोट्या फेऱ्या टाळता येत नसतील तर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवा. शक्य तर दोन छोटी कामे एकाच फेरीत उरका. आणि पहिल्या पायरीतली ती वही फेकू नका. ती ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा आणि प्रत्येक कामानंतर तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड व दर्जा आणि पावतीचा क्रमांक तीत लिहा. पुढच्या सर्व्हिसिंगला 'मागच्या वेळी कोणतं ऑइल टाकलं होतं?' असे मेकॅनिकने विचारले, की उत्तर त्या वहीत सापडेल.